माती आणि पोलाद

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात पौड येथे दिलेले व्याख्यान)



व्याख्यान देण्याचा माझा पिंड नव्हे. आयुष्याची छत्तीस वर्षे मी विजेच्या तारांसाठी चिनी मातीचे रोधक तयार करणाऱ्या कारखान्यांत काढली, आणि तेथे बोलण्यापेक्षा मोजण्याचे आणि वाजवून पाहण्याचेच काम अधिक. तरीही आज उभा राहिलो आहे, त्यास एक कारण घडले. विद्यार्थी-साहाय्य समितीकडे यंदा आलेल्या अर्जांत आपल्याच मुळशी तालुक्यातील एका मुलाचा अर्ज होता. यांत्रिक अभियांत्रिकीला जागा मिळत असताही त्याने सिरॅमिक अभियांत्रिकीची, म्हणजे भाजलेल्या मातीच्या शास्त्राची, निवड केली होती. त्या अर्जाच्या समासात त्याच्या वडिलांनी पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले होते : ‘पुन्हा मातीच?’

ते गृहस्थ चुकले असे मी म्हणणार नाही. ज्याने पायांनी चिखल तुडविला, वळवाच्या एका सरीने महिन्याचा कच्चा माल भिजून बसलेला पाहिला आणि सुगीत बलुत्याच्या पायलीसाठी खळ्याच्या कडेला ताटकळत उभे राहून दिवस काढले, त्याला पिरंगुटच्या कारखान्यातील लेथ म्हणजे मुक्तीच वाटावी यात नवल ते काय? परंतु त्या प्रश्नात एक गृहीत दडलेले आहे. धातू हा श्रेष्ठ व माती ही कनिष्ठ; धातू बळकट व माती दुबळी. या गृहीताचीच आज तपासणी करावयाची आहे. त्यासाठी मेजावर तीन वस्तू आणून ठेविल्या आहेत : बाजारातील एक साधे मडके, पोलादाची एक पट्टी आणि चिनी मातीच्या दोन थाळ्या.

आरंभी स्वयंपाकघरातच जाऊ, कारण या विषयात भगिनींचा अधिकार माझ्याहून मोठा आहे. पितळेचा हंडा आणि मातीचा माठ एकाच ओट्यावर ठेवा. पितळ हा तांबे व जस्त यांचा मिश्रधातू. तो उष्णता वाहून नेण्यात भाजलेल्या मातीच्या सुमारे शंभरपट तरबेज. म्हणून हंड्यातील पाणी चुलीवर लवकर तापते आणि उन्हाळ्यात बाहेरच्या हवेइतकेच कोमट होऊन बसते. माठ मात्र पाझरतो, पाझरलेले पाणी वाऱ्याने उडते आणि उडताना आतील उष्णता घेऊन जाते. हंडा पडला तर पोचा येतो, माठ पडला तर खापऱ्या होतात. परंतु पितळी भांड्यात ताक ठेवावयाचे तर आधी कल्हईवाल्याला हाक मारावी लागते. मडक्यात दही महिनाभर लाविले तरी त्याला कळकत नाही. एक वस्तू एका कामी श्रेष्ठ, दुसरी दुसऱ्या कामी, हे गृहिणीला शाळेत न जाता ठाऊक असते. आम्हा शिकलेल्यांना मात्र ते आकड्यांनी पटवून घ्यावे लागते.

आता आकडे पाहण्यासाठी लांब जावयास नको. येथून पश्चिमेस ताम्हिणीच्या वाटेला लागले की मुळशीचा जलाशय दिसतो. मुळा व निळा या नद्यांचे पाणी अडविण्याच्या टाटांच्या योजनेविरुद्ध १९२१ च्या रामनवमीस आपल्या मावळ्यांनी सत्याग्रह मांडला, सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९२४ पर्यंत तो लढा चालला, हा इतिहास या सभेस सांगणे म्हणजे घरच्यांना घरचा पत्ता सांगणे. बावन्न गावांचा तो प्रश्न होता. बावन्न गावे म्हणजे बावन्न गावांचे बलुते, आणि त्यात कुंभाराचे बलुतेही आलेच. धरण झाले, आणि १९२७ साली घाटाखाली कोकणात भिरा येथील वीजघर सुरू झाले. त्या योजनेच्या न्याय-अन्यायाचा ऊहापोह करण्याचे हे स्थळ नव्हे. मला तुम्हांस त्या पाण्याची फक्त वाट दाखवावयाची आहे, कारण त्या एकाच वाटेवर आधी पोलादाची कसोटी लागते आणि मग मातीची.

जलाशयातले पाणी डोंगर फोडून नेलेल्या मार्गाने कड्यापर्यंत जाते आणि तेथून पोलादी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली कोसळते. पाचशे मीटर उंचीच्या पाण्याचा तळाशी दाब किती? प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे पन्नास किलो. समजा, नळ दोन मीटर रुंदीचा आहे. मग त्याच्या प्रत्येक सेंटिमीटर लांबीत पाणी तो नळ उभा चिरू पाहते ते दहा टनांच्या जोराने, आणि दोन बाजूंच्या दोन भिंती पाच-पाच टन ओढ सोसून तो एकत्र धरून ठेवितात. ध्यानात घ्या, येथे नळाचा पत्रा दाबला जात नाही, ताणला जातो. साधे पोलाद, म्हणजे लोखंडात शेकडा पाव भागाच्या आसपास कर्ब असलेला मिश्रधातू, चौरस सेंटिमीटरला चार टनांच्या ताणापर्यंत तुटत नाही. भरपूर सावधगिरी ठेवून चार-पाच सेंटिमीटर जाडीच्या भिंतीने काम भागते. चिनी मातीला हेच काम सांगितले तर? ताण सोसण्याची तिची ताकद चौरस सेंटिमीटरला तीनशे ते पाचशे किलो, म्हणजे पोलादाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. आणि तेवढ्याचाही भरवसा नाही. कारण पोलाद तुटण्यापूर्वी सांगते, माती सांगत नाही. एक मीटर लांबीची पोलादी सळई ओढीत गेले तर तुटण्यापूर्वी ती वीसेक सेंटिमीटर लांबते. तेवढ्याच लांबीची चिनी मातीची कांडी एक मिलिमीटरही न लांबता एकाएकी दोन तुकडे होते. भिऱ्याच्या नळाशी आपल्या मातीचे काम नाही, हे आधीच कबूल केलेले बरे.

पण वीज तयार झाली की पारडे फिरते. एक लाख दहा हजार व्होल्टची तार पोलादी मनोऱ्यावर टांगावयाची आहे. तिला सरळ पोलादी साखळीने टांगिले तर वीज मनोऱ्यातून जमिनीत जाईल, आणि मुंबईच्या गिरण्यांपर्यंत पोहोचणार नाही. येथे असा पदार्थ हवा की जो वजन पेलील पण वीज जाऊ देणार नाही. विजेला विरोध करण्याच्या बाबतीत पोलाद व चिनी माती यांत जे अंतर आहे ते एकावर निदान सतरा शून्ये मांडल्याने होणाऱ्या पटीचे आहे. पदार्थांच्या दुसऱ्या कोणत्याही गुणात एवढी तफावत सहसा आढळत नाही. पोलाद येथे कितीही जाड केले तरी उपयोग शून्य.

अडचण एवढीच की तार खाली ओढते, म्हणजे ताण आला. आणि ताण हेच मातीचे मर्मस्थान. ही कोंडी कशी फोडली, ते ऐका. या धंद्यातील सर्वांत सुंदर युक्ती मी हीच मानतो. १९०७ साली अमेरिकेत हेवलेट व बक या दोघांनी थाळ्यांची माळ करून तार टांगण्याची पद्धत काढली. त्यातूनच पुढे जी रचना रूढ झाली तीत प्रत्येक थाळीच्या मध्यभागी चिनी मातीचे एक पोकळ डोके असते. डोक्यावर बाहेरून लोखंडी टोपी, आत पोलादी खिळा, आणि दोहोंच्या मध्ये सिमेंट. टोपीचा आतला व खिळ्याचा बाहेरचा आकार असा उतरता ठेवितात की तारेने खिळा खाली ओढला की तो पाचरीसारखा सिमेंटवर रुततो, आणि मधली माती टोपी व खिळा यांच्या चिमटीत मुख्यतः दाबली जाते. बाहेरून पाहणाऱ्यास वाटते, थाळी ताणाखाली आहे. वस्तुतः ताण टोपीने व खिळ्याने घेतला, मातीच्या वाट्याला बहुतेक दाबच आला. आणि दाब सोसण्यात चिनी माती कोणापुढे हार जाणारी नाही : चौरस सेंटिमीटरला पाच टनांच्या आसपास! साध्या पोलादाची पट्टी अडीच टनांतच कायमची वाकू लागते. वजन पाहाल तर त्याच आकाराच्या पोलादाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. म्हणून जेवणाच्या ताटाएवढी एक थाळी सात टनांची ओढ सोसते. अशा सात ते नऊ थाळ्यांची माळ एकेका तारेला पुरते. ताम्हिणीच्या मुसळधार पावसातही थाळीच्या पोटाखालचे कंगोरे बरेचसे कोरडे राहतात, त्यामुळे ओल्या पृष्ठावरून वीज सरपटत जाण्यास सलग वाट मिळत नाही.

उन्हाचाही विचार करावा लागतो. पोलाद तापून जितके वाढते त्याच्या निम्मीच चिनी माती वाढते. पन्नास अंशांच्या फरकाने मीटरभर पोलाद सहा दशांश मिलिमीटर वाढेल, माती तीन दशांशही नाही. म्हणून खिळ्यावर डांबराचा पातळ हात देतात, तेवढाच सरकण्यास वाव. सिमेंट कालांतराने फुगून आतूनच डोके फोडी, ही जुन्या रोधकांची मोठी व्यथा होती. आणि झिलई! ती केवळ शोभेची असे पुष्कळांस वाटते. झिलई अशी निवडितात की भट्टी निवताना ती आतील मातीहून किंचित कमी आकसते. माती आकसून तिला आवळते, आणि थाळीचे सगळे अंग दाबाच्या कवचात राहते. या कवचाने थाळीची ताकद चांगलीच वाढते.

हे असे का, याचे उत्तर तरुण मंडळींस हवे असणार. नव्या कापडाचे ठाण हातांनी फाडू गेल्यास फाटत नाही. दुकानदार काठाला कात्रीची एक चीर देतो आणि मग ते सर्रकन फाटत जाते. इंग्लंडातील ग्रिफिथ या अभियंत्याने काचेवर प्रयोग करून १९२१ साली हेच गणिताने मांडले की, ठिसूळ पदार्थात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात आणि सगळा ताण भेगेच्या टोकाशी एकवटतो. (इकडे माले-मुळशीत सत्याग्रह चालू होता तेच हे वर्ष, जगात एकाच वेळी किती निराळ्या गोष्टी चाललेल्या असतात!) आता, धातूतही भेगा असतातच. मग धातू का फुटत नाही? कारण धातूतील अणूंचे थर एकमेकांवरून घसरू शकतात. मोठी सतरंजी ओढून सरकत नाही, पण एका टोकाला सुरकुती पाडून ती पुढे ढकलीत नेली की सबंध सतरंजी सरकते. धातूच्या स्फटिकांत अशा सुरकुत्या असतात, हे १९३४ साली टेलर, ओरोवान व पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे सांगितले. भेगेच्या टोकाशी ताण वाढला की थर घसरतात, टोक बोथट होते आणि भेग थांबते. चिनी मातीत अणूंची बंधने इतकी घट्ट की थर घसरत नाहीत. म्हणून दाबाखाली ती अभेद्य, आणि ताणाखाली भेग थांबवील असे तिच्यात फारसे काही नाही. याच घट्टपणामुळे तिच्यातले इलेक्ट्रॉन मोकळे फिरत नाहीत. वीज अडविण्याचा तिचा गुण आणि ठिसूळपणाचा दोष या एकाच आईच्या लेकी आहेत. एकीला घरी आणावयाचे तर दुसरीही मागोमाग येते.

या जागी आपल्या वाडवडिलांची आठवण केल्यावाचून पुढे जाववत नाही. ते मातीत लीद व राख का मिसळीत? भाजताना लीद जळून जाते आणि तिच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. चुलीच्या धगीने निघालेली भेग अशा पोकळीत शिरली की तिचे टोक बोथट होते. म्हणूनच गावठी मडके चुलीवर चढते, आणि चिनी मातीचा गुळगुळीत पेला चढविला तर तडकतो. ग्रिफिथचे गणित त्यांना येत नव्हते, पण भेगेचा स्वभाव त्यांना ठाऊक होता.

आता माझ्या एका चुकीची हकीगत सांगतो. ती मी आजवर चारचौघांत सांगितलेली नाही. १९७४ च्या उन्हाळ्यात मी नोकरीस लागून दोनच वर्षे झाली होती. पदविका हाती, अंगावर इस्त्रीचा सदरा, आणि बापाचा धंदा कोणी विचारिला तर ‘शेती’ असे उत्तर. सुट्टीवर घरी येताना मी एक थाळी बरोबर आणिली. टोपी-खिळा न बसविलेली, नुसती भाजून झिलई दिलेली. आबांनी ती दोन्ही हातांनी उचलली, कडेवरून अंगठा फिरविला आणि बोटाच्या पेराने एकदा, मग किंचित फिरवून पुन्हा एकदा वाजविली.

“ही बद्द वाजतीया. कुठंतरी तडा हाय.”

मी हसलो. “आबा, तपासून आलीय ती.”

“असंल. पर बद्द वाजतीया,” एवढेच बोलून ते चाकाकडे वळले.

आपल्या घरांत हे नवे नव्हे. तेरच्या गोरोबाकाकांनी मुक्ताबाईच्या सांगण्यावरून संतांच्या मस्तकांवर थापटणे मारून कोणते मडके कच्चे ते पारखिले आणि नामदेवांना कच्चे ठरविले, ही आख्यायिका तुम्ही मांडीवर बसून ऐकली आहे. मीही ऐकली होती. पण कारखान्यात परतल्यावर माझ्या वरिष्ठांना ‘माझ्या वडिलांनी वाजवून पाहिले आणि त्यांना संशय आला’ असे सांगावयाचे, म्हणजे आधी ‘माझे वडील कुंभार आहेत’ असे सांगावयाचे. ते मला झाले नाही. मी तीन आठवडे गप्प राहिलो. त्या अवधीत त्याच भट्टीतील थाळ्यांना टोप्या व खिळे बसले, आणि शेवटच्या ओढीच्या चाचणीत एकामागून एक डोकी फुटू लागली. सगळा घाणा बाद झाला. कोणास इजा झाली नाही एवढेच दैव. मग मी आपली थाळी लाल रंगाच्या अर्कात दाबाखाली बुडवून ठेविली व फोडून पाहावी तशी एका बाजूने कापली. झिलईखाली, डोके जेथे थाळीला मिळते त्या वळणावर, केसासारखी लाल रेघ उमटली होती. भट्टी निवविण्यात घाई झाली होती. खणखणीत पदार्थात कंप निर्वेध फिरतो, तडा असला की तेथे तो घासला जाऊन विरतो. आबांच्या पेराने जे हेरले ते हे. मी गप्प राहिलो नसतो तर बहुतेक माल टोप्या बसण्याआधीच वाचला असता. त्या दिवशी वरिष्ठांपुढे मी सगळे सांगितले. ते रागावले ते तीन आठवड्यांबद्दल. वडिलांच्या धंद्याबद्दल त्यांनी विचारिले ते एवढेच, की आणखी कोणत्या भागाला ते प्रथम वाजवितात?

एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. आज नव्या तारमार्गांवर चिनी मातीच्या जोडीला कडक केलेल्या काचेचे आणि सिलिकॉन रबराचे रोधक मोठ्या प्रमाणावर आले आहेत. रबराचा रोधक हलका असतो आणि दगड मारिला तरी फुटत नाही. तेव्हा ‘थाळ्यांचा धंदा अमर आहे’ असे सांगून मी कोणाच्या मुलाला फसविणार नाही. परंतु सिरॅमिक म्हणजे केवळ थाळ्या नव्हेत. पोलाद वितळविणाऱ्या भट्टीला आतून अस्तर लागते ते सिरॅमिक विटांचेच. मातीने धरून ठेविल्याविना पोलाद जन्मालाच येत नाही. गाळाच्या पाण्याने झिजणाऱ्या जलचक्रांच्या पोलादी पात्यांवर आता कठीण कार्बाइडचा लेप देतात. १९७० साली फ्रान्समधील बुतँ या शल्यचिकित्सकाने खुब्याच्या कृत्रिम सांध्यात अॅल्युमिना या सिरॅमिकचा वापर सुरू केला. येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांपैकी कोणाच्या खुब्यात तसा गोळा असल्यास आश्चर्य वाटावयास नको. बहुधा तो गोळा धातूच्या दांड्यावर बसविलेला असतो. वाकण्याचे काम धातूकडे, घासण्याचे मातीच्या भावंडाकडे. टोपी-खिळ्याचीच ती वाटणी. काशीच्या हिंदू विद्यापीठात हा विषय १९२४ पासून शिकविला जात आहे. आपल्या समाजातून तेथे गेलेला विद्यार्थी निदान माझ्या पाहण्यात नाही.

अर्ज अद्याप समितीपुढे आहे. मी समितीचा सभासद असल्याने माझे मत लेखी दिले आहे. त्या मुलाच्या वडिलांना मात्र ते कागदावरून कळू नये म्हणून आज त्यांना मुद्दाम येथे बोलाविले आहे, आणि ते आले आहेत.

आता चहाची वेळ झाली. मेजावर ज्या दोन थाळ्या आहेत त्यांपैकी एक चांगली आहे आणि एक १९७४ ची. कापलेली बाजू दिसू नये म्हणून तिच्यावर रुमाल टाकिला आहे. कापलेली असली तरी ती वाजते. पोलादाची पट्टी ज्यांना वाकवून पाहावयाची असेल त्यांनी खुशाल वाकवावी. थाळ्या मात्र मुलांच्या हाती देऊ नयेत. मोठ्यांनी वाजवून पाहाव्यात, आणि कोणती कोणती ते मला येऊन सांगावे.